न गळणारा वाफा

मुंबई,
१२ ऑक्टोबर १९६९

तीर्थस्वरूप शिवदासमामांस महिपतचा साष्टांग नमस्कार.

आनंदाची बातमी आहे म्हणून लगेच लिहायला बसलो. माझं संशोधन विद्यापीठाने पसंत केलंय. मीठ काढून झाल्यावर मिठागरात जे कडू पाणी उरतं, जे आपण आजवर खाडीत सोडून देत आलो, त्यातून मॅग्नेशियमचा क्षार काढायची कमी खर्चाची रीत मी बसवली आहे. हा क्षार कापडगिरण्यांना लागतो, औषधांना लागतो. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "प्रबंध लिहून कपाटात ठेवायचे दिवस गेले. याचा कारखाना झाला पाहिजे." मग विद्यापीठ, एक शेठ आणि आपल्या मुर्ध्याची मिठागरवाल्यांची सोसायटी, अशी तिघांची मिळून कंपनी काढायचं घाटतंय. विद्यापीठ ज्ञान देणार, शेठ भांडवल घालणार, गाव पाणी आणि जागा देणार. जमलं तर भाईंदरपासून राई गावापर्यंतच्या सगळ्या पट्ट्याचं भलं होईल.

एकच अडचण आहे. हे कडू पाणी उन्हात फार दिवस उभं ठेवावं लागतं, आणि वाफा जराही गळून चालत नाही. तुम्ही पिशव्या भरून पाठवलेली माती मी तपासली. सगळ्यांच्या आगरात पाणी झिरपतं. भरतीचं पाणी जिथून आत घेतो त्या उघाडीशेजारचा आईचा वाफा मात्र चिनी मातीच्या भांड्यासारखा आहे. पहिली चाचणी तिथेच व्हायला हवी. पण एकदा कडू पाणी उभं राहिलं की त्या वाफ्यात पुन्हा खायचं मीठ पिकणार नाही, म्हणून तो कंपनीला कायमचा लिहून द्यावा लागेल. आईला मी कागदावर काय समजावणार? तिला वाचता येत नाही. तुमचा शब्द ती मोडत नाही. एवढं काम करा.

आपला,
महिपत

*

मुर्धा, पोस्ट भाईंदर,
२० ऑक्टोबर १९६९

चि. महिपत, तुला पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं तेव्हा मी बांधावर होतो. उभ्याने वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. तुझा मामा तिसरी शिकलेला, पुड्यांचे कागद वाचून वाचून शहाणा झालेला. 'विद्यापीठ' हा शब्द आपल्या मुर्ध्याच्या शेजारी लिहिलेला पाहिला आणि छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं तेवढं राहिलं. त्याच पावली राईपर्यंत सगळ्यांना सांगून आलो. नाथा तर तुला ठाऊकच आहे. तो बोलला, "शिवदास, आमी सोडून देतो त्या पान्याचा तुजा भाचा सोना करनार काय?" मी म्हटलं, "सोनं नाही रे, मॅग्नेशियम." तर म्हणतो, "ता खातान, का आंगाला लावतान?"

मग तुझ्या आईकडे गेलो. शेवंतीबाय चुलीपुढे बोंबील भाजत होती. कंपनी, शेठ, विद्यापीठ, सगळं लहान मुलाला घास भरवावा तसं भरवलं. तिने बोंबील परतला, राख झटकली आणि विचारलं, "पोरगा कवा येतंय?"

मी म्हटलं, "बाय, त्याला तिकडे श्वास घ्यायला वेळ नाही. कामाचं मी बघतो ना."

"मंग वाफा पन तुलाच देऊ काय?" असं म्हणून हसली. मग हसू गिळून बोलली, "मी कुठं न्हाय बोलतंय? नवरा गेल्यावर याच वाफ्यावर मी पोराला शिकवला. आगर त्याचाच हाय. पन आगर कागदान देत न्हाय. देनारा आन घेनारा, दोघा बरोबर वाफ्यान उतरतान, चिखल तुडवतान, मंग तो त्याचा होतो. माज्या सासऱ्यान माज्या नवऱ्याला असाच दिला. त्याला बोल, ये. एक सकाल माजे संगती तुडव. दुपारी कागद आन, मी धाय बोटा लावतंय."

बघ, किती सोपं आहे. नकार नाहीच मुळी. आमच्या दादांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, बाराव्याला आलास तेवढाच, त्यालाही आता तीन वर्षं होतील. चर्चगेटहून भाईंदर म्हणजे काही काशी नव्हे. एखाद्या रविवारी ये. पँट गुडघ्यापर्यंत दुमड, घटकाभर चिखल तुडव, आईच्या हातची भाकर खा आणि वाफा घेऊन जा.

तुझा,
शिवदासमामा

*

मुंबई,
१४ नोव्हेंबर १९६९

ती. शिवदासमामांस सा. नमस्कार.

तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. रविवारीही समितीच्या बैठका असतात. शेठ गुजरातच्या किनाऱ्यावरही जागा पाहताहेत, हंगाम सुरू व्हायच्या आत मुर्ध्याचं नक्की झालं नाही तर ते तिकडे जातील आणि माझी तीन वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या नावाने उभी राहील. अशा वेळी मी चिखल तुडवायला येऊ? विभागप्रमुखांना काय सांगू, आईचा हट्ट आहे म्हणून?

एका माणसाच्या रीतीभातीपायी सगळ्या गावाची संधी जाते आहे, हे सोसायटीच्या लोकांना दिसत नाही का? गावाने मनावर घेतलं तर आई एका आठवड्यात वळेल. ती एकटी काही करू शकत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

महिपत

*

मुर्धा,
९ जानेवारी १९७०

चि. महिपत, आशीर्वाद.

गावाने मनावर घ्यावं असं तू लिहिलंस तेव्हा आधी कळलं नाही. मग देवळात बसलेलो असताना डोक्यात उजेड पडला. वा रे पठ्ठ्या, गावाबाहेर राहून गावाची नाडी तुला सापडली!

तुला आठवत असेल, पावसाळा सरला की वाफ्याची माती पायाने तुडवून तुडवून घट्ट करावी लागते, नाहीतर पाणी धरत नाही. आणि हे एकट्या-दुकट्याचं काम नाही. म्हणून आपल्याकडे सावड. आज सगळ्यांनी मिळून माझा वाफा तुडवायचा, उद्या नाथाचा, परवा राघोचा. तर सोसायटीच्या बैठकीत मीच उभा राहिलो आणि म्हटलं, "यंदा शेवंतीच्या वाफ्यावर सावड नको. दोन दिवस कळ काढू, ती आपसूक हो म्हणेल. कारखाना आला तर आपली पोरं पगारावर लागतील." सगळे खाली बघायला लागले. नाथा बोलला, "शिवदास, तुजी सख्खी बहीन हाय ती." मी म्हटलं, "म्हणून तर मी बोलतोय. दुसरा बोलला असता तर भांडण झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तिच्या बांधावरून पुढे निघून गेले. ती कासोटा घालून, पाय धुऊन वाफ्याच्या कडेला उभी होती. आधी तिला वाटलं, माणसं चुकली. तिने हाक मारली, "अरे राघो, हतंय! हतंय माजा वाफा!" राघोने मान वळवली नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी लांबून हाताने खूण केली, की तू हो म्हण, आत्ता येतो आम्ही सगळे. तिने पदर खोचला आणि एकटीच आत उतरली.

बाबा, ती अजून तुडवतेच आहे. सकाळी उतरते ती सूर्य डोक्यावर येईपर्यंत. माझ्या बायकोने भाकर नेली तर म्हणाली, "सावडीला आलीस तर बस, भाकर देयाला आलीस तर परत जा." एवढी ताठ! तुझा हट्ट कुठून आला ते आता समजलं. पण एका माणसाचे पाय ते किती. मधला भाग घट्ट झाला की कडेला भेगा पडतात, कडेला गेली की मधला उकलतो. थोडे दिवस जाऊ दे, थकेल आणि वळेल. तू निश्चिंत राहा. आईचा राग आणि उधाणाचं पाणी, दोन्ही ओसरायचंच.

तुझा,
शिवदासमामा

*

मुंबई,
२ फेब्रुवारी १९७०

मामा,

वाफ्याला भेगा पडू दिल्यात? तो गळत नाही म्हणूनच तर मला तो हवा होता! तुम्ही लोकांनी नेमकी तीच गोष्ट घालवलीत. आता त्यावर डांबर ओतल्याशिवाय इलाज नाही. शेठ त्या खर्चाला तयार आहेत, कारण उघाडीजवळची दुसरी जागा नाही. पण मार्चअखेर कागद हातात पाहिजे. काहीही करून.

महिपत

*

मुर्धा,
१९ मार्च १९७०

चि. महिपत, आशीर्वाद.

सोबत कागद पाठवतोय. शेवंतीबायचा अंगठा आहे, साक्षीदार मी आणि राघो. झालं एकदाचं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, आणि तुझ्यावरचंही उतरलं असेल.

चिखलात कालवाचा शिंपला तिच्या तळपायाला लागला होता. लागलं तरी ती उतरायची थांबली नाही, खारं पाणी जखमेत जात राहिलं. ताप चढला म्हणून आम्ही तिला मुंबईच्या सरकारी इस्पितळात आणलं आहे. वॉर्डाचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. तुझ्या वसतिगृहापासून चालत येण्याजोगं आहे. एकदा डोकावून जा. डॉक्टर लोक काय काय इंग्रजीत बोलतात, मला निम्मंच कळतं. तू असलास तर बरं पडेल.

तुझा,
शिवदासमामा

*

मुंबई,
११ जून १९७०

ती. मामांस सा. न.

कागद वेळेवर मिळाला, फार उपकार झाले. कंपनीची नोंदणी झाली. माझी तांत्रिक संचालक म्हणून नेमणूक झाली आहे. विद्यापीठाच्या वार्षिक समारंभात आमच्या विभागाचा उल्लेख झाला. प्रमुखांनी मला उभं केलं तेव्हा आईची आठवण आली. अखेर तिने मोठ्या मनाने दिलंच ना!

इस्पितळात यायचं फार मनात होतं, पण तो नेमका करारावर सह्यांचा आठवडा होता. एव्हाना तिचा पाय बरा झाला असेल. पावसाळ्यात अनवाणी फिरू देऊ नका आणि हळद लावत जा.

महिपत

*

मुर्धा,
३ डिसेंबर १९७१

चि. महिपतला मामाचा आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे तुझं पत्र नाही, माझंही नाही. तुझं काम जोरात चाललंय हे आम्हाला धुरावरून कळतं.

गावाचं सांगतो. कारखाना उभा राहिला. नाथाला फाटकावर खाकी डगला मिळाला. तो आता आम्हालाच विचारतो, "कोन तुमी? काय काम हाय?" मग स्वतःच हसतो. राघोचा पोरगा पिंपं उचलतो. बाकीच्या पोरांना शेठचा माणूस म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. पण एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे. कारखान्याचं उरलेलं पाणी रात्री उघाडीजवळच सोडतात. भरती आली की तेच पाणी आमच्या आगरांत शिरतं. यंदाचं मीठ ओलं, चिकट, जिभेला कडू. भाईंदरच्या व्यापाऱ्याने चिमूट तोंडात टाकली आणि थुंकली. मला म्हणाला, "शिवदासभाऊ, हे मीठ नाही, जुलाबाचं औषध आहे." मी हसलो. काय करणार, खरंच तेच आहे. कारखान्याच्या साहेबाला सांगितलं तर तो म्हणाला, विद्यापीठाला लिहा. म्हणून तुला लिहितोय. तूच आमचं विद्यापीठ.

आई माझ्याकडेच असते. तिचं बरं चाललंय. ओटीवर बसून बायकांची भांडणं सोडवते. तुझं नाव निघालं की म्हणते, "येल तवा येल." एकदा ये, दोन्ही कामं होतील. पाणीही बघशील आणि तिलाही.

तुझा,
शिवदासमामा

*

मुंबई,
७ फेब्रुवारी १९७२

प्रिय मामा,

पाण्याची तक्रार मी नोंदवून घेतली आहे. विभागात एका विद्यार्थ्याला त्यावर प्रबंधाचा विषय दिला आहे. दोन-तीन वर्षांत निष्कर्ष हाती येतील. तोवर गावाने धीर धरावा. सोसायटी या योजनेत भागीदार आहे हे विसरू नका. भागीदाराने बाहेर बोभाटा करणं बरं दिसत नाही.

आता महत्त्वाचं. विद्यापीठ एक स्मरणिका काढतंय. प्रयोगशाळेतलं ज्ञान, शेठचं भांडवल आणि गावाची साथ यांतून उद्योग कसा उभा राहतो, त्याचा नमुना म्हणून आपलं मुर्धा त्यात असेल. पहिल्या पानावर आईचा फोटो हवा. तिच्या वाफ्याशेजारी उभी, मागे कारखाना, चेहरा स्पष्ट. भाईंदरच्या फोटोवाल्याला घेऊन जा. महिनाअखेर पाठवा. ही आईच्या सन्मानाची गोष्ट आहे, तेव्हा यात तरी तिने हट्ट करू नये.

महिपत

*

मुर्धा,
२४ फेब्रुवारी १९७२

चि. महिपत, आशीर्वाद.

फोटो पाठवतोय. फोटोवाला म्हणाला, उभं राहा, हलू नका, हसा. तीन गोष्टी एकदम कुणाला जमतात? हसायचं राहिलं.

मी मुद्दाम जवळून काढायला लावला. चेहरा नीट दिसतोय. बारकाईने बघ, घाई करू नकोस. उजेडात धर. आणि बघून काय वाटलं ते मला उलट टपाली कळव. पत्र नाही लिहिलंस आणि स्वतःच आलास तरी चालेल. मी रोज संध्याकाळी स्टेशनवर येऊन उभा राहीन.

तुझा,
शिवदासमामा

*

मुंबई,
४ मार्च १९७२

प्रिय मामा,

फोटो उत्तम आला आहे. पाकिटातून काढला आणि खिडकीशी उजेडात धरला. आईला पाहताक्षणी ओळखलं. किती वर्षांनी! उन्हाने रापली आहे, पुढचे दात गेलेले दिसतात, वयाने जरा खुजीही वाटते, पण डोळे अगदी तेच. विभागप्रमुखांना दाखवला. ते म्हणाले, "महिपत, तुझ्या चेहऱ्यात हिची ठेवण आहे." शेठनाही तसंच वाटलं.

पाय चांगला बरा झालेला दिसतो, ताठ उभी आहे. हे पाहून सर्वांत जास्त समाधान वाटलं. फोटो छापखान्यात गेला.

महिपत

*

मुर्धा,
१० मार्च १९७२

महिपत,

फोटोतली बाई सरूबाई आहे. मुर्ध्याच्या वेशीवर राहते ती, राघोची मावशी. तुझ्या आईपेक्षा वीतभर बुटकी, आणि दात तिचे पोरवयातच गेलेले. लहानपणी तिला 'बोळकी' म्हणून चिडवायचास तू. तुझ्या आईचं हिरवं लुगडं नेसवून मीच तिला उभी केली. म्हटलं, पोरगा पाकीट उघडेल, म्हणेल ही कोण भलतीच, माझी आई कुठे आहे? आणि धावत येईल. दोन आठवडे रोज संध्याकाळी मी फलाटावर होतो.

तुझ्या आईला उभं करता येत नाही. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. इस्पितळात सड वर चढत गेली आणि तो कापावा लागला. तुला कळवायचं नाही, असं तिनेच बजावलं होतं. त्याआधी ती तापात असायची, तरी वॉर्डाच्या दारात कुणी आलं की मान उचलायची. मीच तिला सांगितलं होतं की तू जवळच राहतोस. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. अंगठ्याचंही ऐक. ती तापात बडबडत होती तेव्हा मी बोट धरलं आणि राघोने कागद धरला. शुद्धीवर आली तेव्हा आधी पायाकडे नाही बघितलं, अंगठ्याकडे बघितलं. मला विचारलं, "शिवदास, या बोटाला काला काय लागलाय रं?" मी म्हटलं, औषध आहे.

तुझं काल आलेलं पत्र तिने वाचून दाखवायला लावलं. मी मधलं गाळून वाचणार होतो, पण माझ्या तोंडाकडे बघत होती, गाळता आलं नाही. 'डोळे अगदी तेच' इथपर्यंत आलो तेव्हा म्हणाली, "पुन्यांदा वाच." पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "सरूचे डोले चांगलेच हायेत."

तो फोटो छापू नकोस. खरी आई बसलेली आहे, तिचा काढून पाठवतो. नाहीतर नकोच पाठवायला. तू ये.

शिवदास

*

मुंबई,
१८ मार्च १९७२

प्रिय मामा,

पत्राने धक्का बसला. इतकी मोठी गोष्ट तुम्ही दोन वर्षं लपवून ठेवलीत, आणि वर माझी परीक्षा घेतलीत. कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या माणसाशी असं वागणं तुम्हाला शोभत नाही. आईच्या पायासाठी कंपनीकडून काही होतं का ते विचारतो.

स्मरणिका छापून झाली आहे. फोटोखाली आईचं नाव आहे आणि ते आता बदलता येत नाही. २ एप्रिलला तीन विद्यापीठांचे प्राध्यापक आणि सरकारी पाहुणे मुर्ध्याला येताहेत. आपापल्या भागात अशीच योजना सुरू करायची त्यांची इच्छा आहे. सगळ्यांना फोटोतल्या माऊलीला भेटायचं आहे. तेव्हा सरूबाईंना तेच लुगडं नेसवून वाफ्यापाशी उभं करा. फार बोलायला लावू नका. नाथा आणि राघो यांनाही समज द्या.

एकत्र वाफा तुडवून देण्याची आपली रीत मी शेठना सहज बोललो होतो. त्यांना ती इतकी भावली की कार्यक्रमातच घातली आहे. पाहुण्यांसमोर मी आणि सरूबाई वाफ्यात उतरून तुडवणार आहोत. फोटोवाले येतील. वाफ्यात डांबर आहे, म्हणून आदल्या दिवशी त्यावर खाडीचा ओला चिखल पसरून घ्या. आईला त्या दिवशी पेणकरपाड्याला शांतीमावशीकडे पाठवा. तिला त्रास होऊ नये एवढाच हेतू.

संध्याकाळी लगेच परतायचं आहे. जमलं तर तिला भेटून जाईन.

महिपत

*

मुर्धा,
१ एप्रिल १९७२

चि. महिपत, आशीर्वाद.

हे पत्र टपालाने उद्या तू निघायच्या आत पोचणार नाही, म्हणून कारखान्याच्या मोटारवाल्याच्या हाती देतोय. तुझ्या मनासारखी तयारी झाली आहे. कारखान्याने राघोच्या पोराला कायम करायचं कबूल केलंय, त्यामुळे कुणी तोंड उघडणार नाही. नाथाने डांबरावर चिखल पसरला. बघणाऱ्याला अगदी खरा वाफा वाटतो.

आईला आजच गाडीने पेणकरपाड्याला पाठवलं. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, सगळं. ऐकून घेतल्यावर तिने सरूला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या घालते. सरूही रडवेली होऊन म्हणाली, "बाय, तू न्हाय बोललीस तर मी न्हाय जात." तुझ्या आईने उद्या कसं नेसायचं ते दाखवत स्वतःच्या हाताने तिला कासोटा घालून दिला, पदर खोचून दिला, आणि गाडीत बसता बसता सांगितलं,

"सरू, तो उतरंल तवा त्याचा हात घट धर. खाली डांबर हाय, वरती चिखल. सायबाचे पाय झाले त्याचे, पडंल तो."

तुझा,
शिवदासमामा